इथे परदेशी कोणी राहत नाही

त्या कचेरीत जायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून मी पाणी कमी प्यायचे. खेडहून रत्नागिरीला जायला एसटी अर्धा दिवस खाते, आणि पोचल्यावर बाकावर किती वेळ बसायचं ते साहेब बंदोबस्ताला गेलाय की नाही यावर ठरतं. बायकांची सोय तिथे नव्हती. बाकीच्या तक्रारी मी नंतरसाठी ठेवत असे, ही पहिली.

मी परदेशी आहे. कागदावर. जन्म मोंबासाचा. वडील तिथल्या गोदीत सुतार होते, मूळ गाव मंडणगडकडचं. घरात मराठी, रस्त्यात स्वाहिली, शाळेत इंग्रजी अशी मी वाढले. राज्य तेव्हा इंग्रजांचं, म्हणून पासपोर्ट त्यांचा मिळाला. पुढे राज्य गेलं, पासपोर्ट राहिला. विशीत असताना वडिलांनी बोटीने आणलं आणि खेडपासून आत, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत लग्न लावून दिलं. नवरा मुंबईला कारखान्यात, शिमग्याला आणि गणपतीला घरी. मुलगे शिकायला बापाकडे. वाडीतल्या घरात मी, सासूबाई आणि दोन म्हशी.

कितीतरी वर्षं पासपोर्टबद्दल कोणी विचारलं नाही. तो ट्रंकेत नऊवारीच्या घडीखाली पडून होता. ऐंशी सालानंतर चार-पाच वर्षांनी नियम बदलले आणि माझ्यासारख्यांनी जिल्ह्याला पोलिसांच्या कचेरीत जाऊन नोंद करायची, दरवर्षी मुदत वाढवून घ्यायची, जास्त दिवस बाहेरगावी जायचं तर कळवायचं, असं सुरू झालं. रेशनकार्डावर माझं नाव नव्हतंच, त्यामुळे दोन बायकांच्या घरात साखर आणि रॉकेल एकीचं. मतदानाच्या दिवशी सगळी वाडी धुतलेली लुगडी नेसून शाळेत जायची आणि मी एकटी म्हशींपाशी. संध्याकाळी सासूबाई शाईचं बोट दाखवत घरात शिरायच्या, जणू मुद्दाम माझ्यासाठीच लावून आणलंय. नागरिक व्हायचा अर्ज मी केला होता. तो दिल्लीला गेला एवढं कळलं.

सासूबाईंना माझ्या परदेशीपणाचा उपयोग भांडणात व्हायचा. भात खाली लागला, वासरू सुटून दूध प्यालं, चुलीत ओलं लाकूड गेलं, की ठरलेलं वाक्य यायचं, "कुटनं आनली गो ही आफ्रिकेवाली!" मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

त्या वर्षी शिमगा झाला, नवरा मुंबईला परत गेला, आणि आठवड्याभरात मोंबासाहून भावाचं पत्र आलं. आई न्हाणीत पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि आता ती उठेल असं डॉक्टरला वाटत नव्हतं. 'तुझं नाव घेते. लवकर ये. तिकिटाचं मी बघतो,' असं त्याने लिहिलं होतं. लग्नानंतर मी आईला एकदाच भेटले होते, तेही वडील गेल्यावर ती इकडे आली तेव्हा.

जाणं अवघड नव्हतं. परत येणं अवघड होतं. परतीची परवानगी न घेता गेले असते तर तिथे बसून नव्याने व्हिसा मागावा लागला असता, आणि तो मिळायला किती महिने लागतील ते कोणी सांगत नव्हतं. घर, म्हशी आणि सासूबाईंना वाऱ्यावर सोडून असं जाता येत नाही. म्हणून रत्नागिरीला जाऊन परवानगीचा अर्ज दिला. कारकून म्हणाला, "स्थानिक चौकशी होईल. अहवाल आला की कागद निघेल."

"किती दिवस?"

"अहवाल आला की."

मी घरी येऊन कामाला लागले. पावसाआधी कौलं परतायची होती, लाकडं भरायची होती, शेताच्या भाजावळीसाठी डोंगरावरून कवळ, म्हणजे झाडांच्या फांद्या, तोडायची होती. मी नसताना सासूबाईंना काही कमी पडू नये म्हणून दुप्पट वेगाने सगळं केलं. आईचा विचार हात रिकामे असताना यायचा, म्हणून हात रिकामे ठेवत नव्हते. चौकशीची वाट पाहत होते. खेडच्या ठाण्यातून मला बोलावणं येईल अशी माझी समजूत होती. बोलावणं आलं नाही. भावाचं दुसरं पत्र आलं, आई आता अन्न घेत नाही, पेज तेवढी घेते.

आंबे उतरायला लागले तेव्हा मी पुन्हा रत्नागिरी गाठली. कारकुनाने फाईल काढली, वाचली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"अहवाल आलाय. या पत्त्यावर परदेशी कोणी राहत नाही."

"मी राहते."

"अहवालात नाही म्हटलंय."

"अहो, मी समोर उभी आहे."

"इथे उभ्या आहात, बाई. तिथे राहत नाही." मग आवाज उतरवून म्हणाला, "आणि खोटा पत्ता देणं हा परदेशी माणसाला गुन्हा आहे, बरं का. परवानगीचं राहू दे, आधी हे निस्तरा. घरच्या मोठ्या माणसाला आणि गावच्या पोलीस पाटलाला घेऊन या. त्यांनी समोर येऊन सांगायला हवं."

परतीच्या एसटीत मला उभं राहावं लागलं. खेडहून पुढे वाडीपर्यंत चालत. सासूबाई अंगणात कोकमाचे रतांबे फोडत बसल्या होत्या, हात कोपरापर्यंत लाल. पोलीस पाटील, म्हणजे आमच्या वरच्या घरातले भावजी, पायरीवर बसून विडी ओढत होते. मी पिशवी खाली ठेवली.

"आई, मध्यंतरी कोणी हवालदार आला होता?"

"आला व्हता की," सासूबाई म्हणाल्या. "घालवला."

"घालवला म्हणजे?"

भावजींनी विडी विझवली. त्यांच्या तोंडावर कौतुक होतं, स्वतःचं. "वयनी, तू कवळीला गेली व्हतीस डोंगराव. त्यो इचारतो, हितं परदेशी बाई ऱ्हाते का? मी म्हटलं, सायब, परदेशी बाई हितं काय खायल, पेज? हितं समदी आमचीच मानसं."

"आनि मी सांगितलं," सासूबाई म्हणाल्या, "हितं माजी सून ऱ्हाते, माज्या भावाची लेक, आंजर्ल्याची. कड्यावरच्या गनपतीची आन घेतली तवा गेला. जाताना मूठभर आंबोशी बांधून दिली."

आमच्या वाडीत खाकी दिसली की पहिलं उत्तर 'नाही' हे असतं. प्रश्न नंतर ऐकायचा. काजूच्या बागांत दारूच्या भट्ट्या लागत, त्यामुळे ही सवय सगळ्यांना लहानपणापासून. हवालदार विहिरीचा रस्ता विचारायला आला असता तरी त्याला आमच्यात विहीर नाही असं ऐकायला मिळालं असतं. शिवाय त्यांच्या कानावर कुठून तरी आलं होतं की परदेशी लोकांना धरून परत पाठवतायत. मग सगळी वाडी एक झाली. खालच्या घरातल्या म्हातारीने म्हणे हवालदाराला माझ्या जन्माच्या वेळी आपण सुईण होतो असंही सांगितलं होतं.

"तुम्हाला कळतंय का काय केलंत?" मी म्हटलं. "तो मला न्यायला आला नव्हता. मला आईकडे जाता यावं म्हणून आला होता."

भावजी म्हणाले, "पन त्यानं तसं सांगायला नको व्हतं?"

"तुम्ही बोलू दिलंत त्याला?"

मी उद्या सकाळच्या गाडीने दोघांनी रत्नागिरीला यायचं असं सांगितलं. भावजी लगेच तयार झाले. सासूबाई रतांबे फोडत राहिल्या.

"मी नाय येनार."

"का?"

"देवाची आन घेतली हाय. ती कशी फिरवू? उद्या घरात काय इपरीत झालं तर?"

मी समजावलं, ओरडले, रात्री जेवले नाही. काही उपयोग झाला नाही. खोटं बोलल्याचं त्यांना काही नव्हतं, खोटी आण सोडवून घेतल्याशिवाय खरं बोलायचं नव्हतं. आधी आंजर्ल्याला जायचं, नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं, देवाने मोकळं केलं की मग रत्नागिरी. भावजींचं म्हणणंही तेच पडलं. "वयनी, म्हातारीचं बराबर हाय. आनेचा मामला हाय."

आई तिकडे पेजेवर होती आणि मी इकडे रत्नागिरीच्या उलट दिशेला निघाले. खेडहून दापोली, तिथे दुसरी गाडी, खाडीवर होडीची वाट, मग वर कड्याची चढण. सासूबाई दर वळणावर बसत. मी नारळाची पिशवी घेऊन पुढे उभी राहत असे. वर पोचल्यावर त्यांनी समुद्राकडे पाहिलंसुद्धा नाही. गाभाऱ्यासमोर नारळ ठेवून त्या मोठ्याने म्हणाल्या, "बाप्पा, मी खोटं बोलले. ही माज्या भावाची नाय, परदेशी हाय. आता मला खरं बोलायचं हाय तर राग धरू नको." पुजाऱ्याने वळून माझ्याकडे पाहिलं. होडी चुकली म्हणून आम्ही ती रात्र तिथल्याच एका ओळखीच्या घरी काढली.

त्यानंतर एकदाचे तिघं रत्नागिरीला गेलो. साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी या म्हणाले. भावजींच्या चुलतबहिणीकडे पडवीत झोपलो. दुसऱ्या दिवशी साहेब होते, पण जेवायला गेले होते. सासूबाईंना बाकावर बसवलं आणि त्यांनाही पाणी कमी प्यायला सांगितलं. दुपारी कारकुनाने हाक मारली.

भावजींनी हात जोडून सांगून टाकलं, "ऱ्हाते, सायब. चूक झाली." मग कारकुनाने सासूबाईंकडे मोर्चा वळवला.

"आजी, या बाई तुमच्या कोण?"

सासूबाई माझ्याकडे बघून घेऊन म्हणाल्या, "परदेशी."

"नक्की?"

तेवढ्यावर त्यांचा बांध फुटला. "नक्की म्हंजे? आली तवा हिला चूल फुकता येत नव्हती, सायब. म्हशीला भ्यायची. सुकट बघून नाक मुरडायची. तांदूळ धुवायची तर अर्धा तांदूळ पान्याबराबर जायचा. झोपेत काय तरी तिकडचं बडबडायची, आमाला कळायचं नाय. परदेशी नाय तर काय? इचारा समद्या वाडीला!"

कचेरीतले सगळे हसले. कारकुनाने एवढ्यातलं एक वाक्य लिहिलं आणि सासूबाईंचा अंगठा घेतला. इतक्या वर्षांत ऐकलेल्या त्या सगळ्या टोमण्यांचा मला पहिल्यांदाच उपयोग झाला. मी हसले नाही. बाहेर येऊन त्यांना लिंबू सरबत पाजलं, स्वतःही प्याले, आणि कागद कधी मिळेल ते विचारायला परत आत गेले. नव्याने अहवाल जाईल, मग वरची सही, असं उत्तर मिळालं.

कागद आला. बऱ्याच दिवसांनी, पण आला, आणि त्यावर चूक काही नव्हती. मी भावाला तार केली, तिकीट कर. बॅग काढून उन्हात ठेवली. तिच्यात आईसाठी आमसुलं आणि कुळथाचं पीठ घातलं, ती दोन्ही तिला आवडायची. त्याच आठवड्यात पोस्टमन डोंगर चढून आला. भावाची तार होती. आई गेली.

लग्न झालेल्या मुलीला तीन दिवसांचं सुतक. ते मी पाळलं. खालच्या घरातून भात आला, वरच्या घरातून पिठलं. सासूबाईंनी म्हशींचं सगळं केलं आणि तीन दिवस मला एकही शब्द वाकडा बोलल्या नाहीत, त्याने जास्तच जड वाटत होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भावजी आले, पायरीवर बसले. विडी काढली, पेटवली नाही.

"वयनी, मी तवा 'हाय' म्हटलं असतं तर?"

लोक अशा वेळी काय ऐकायला बसतात ते मला कळतं. नशिबात नव्हतं, तुमचा काय दोष, असं काही तरी. मला ते म्हणवलं नाही.

"तर मी पोचले असते," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि उठून गेले. गणपतीपर्यंत आमचं बोलणं कामापुरतंच राहिलं. त्यांच्यावर राग धरून काही मिळणार नव्हतं हे मला समजत होतं, पण समजलं म्हणून राग जातो असं नाही. आमसुलं घरातच वापरली. कुळथाचं पीठही.

परवानगीची मुदत संपली तेव्हा तो कागद जमा करायला मला रत्नागिरीला जावं लागलं. तोच कारकून. त्याने कागद उलटसुलट पाहिला.

"वापरला नाहीत? एवढी धावपळ केलीत ती."

"काम राहिलं नाही."

त्याने पोच दिली. बाकावरून उठता उठता मला आठवलं की सकाळपासून मी पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

पुढच्या वर्षी मुदतवाढीची चौकशी आली. तोच हवालदार. मी मागच्या पडवीत तांदूळ निवडत होते. तो पाणंदीतून वर येताना दिसला मात्र, अंगणात पाय पडायच्या आधीच सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "हाय, हाय! परदेशी हाय, घरातच हाय. लिवा!" वरून भावजी धोतर सावरत धावत आले, "हाय, सायब, हितंच ऱ्हाते!" खालच्या घरातली म्हातारी काठी टेकत निघाली, तिच्या मागून बाकीच्या बायका. सगळी वाडी अंगणात जमली आणि जो तो हवालदाराला सांगू लागला की मी इथली नाही.

हवालदार बिचारा गोंधळून वही हातात धरून उभा होता. मी सूप खाली ठेवलं, हात पुसले आणि सही करायला बाहेर गेले. त्या वर्षी मला कुठे जायचं नव्हतं.