लाभार्थीचे दोन शब्द

“मारो वर दारू पीए छे.”

माझा नवरा दारू पितो, हे वाक्य मी माइकवर वाचलं. भाषा गुजराती, पण कागदावरची अक्षरं मराठी, कारण गुजराती लिपी मला तेव्हा अडखळत वाचता यायची. समोर समाजसेवावाल्या क्लबचे पन्नास-साठ लोक पंख्याखाली बसलेले. वाक्य ऐकून बायका “अरेरे” म्हणाल्या. एकीनं तर पर्समधून रुमाल काढला. मला वाटलं, चला, सुटले एकदाची. वर बघितलं तर हॉलच्या मागच्या दारात माझा नवरा उभा. हातात तेलाची कुपी.

क्लबनं सहा नवी शिलाई मशिनं घेतली होती, ती स्टेजवर मांडायची होती. मीच त्याला बोलावलं होतं. पट्टे चढव, तेल घाल, चाकं फिरताहेत का बघ. मला वाटलं होतं, काम आटोपून तो गेला असेल. तो गेला नव्हता. बायको स्टेजवरून काय बोलते ते ऐकायला थांबला होता.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. माझा नवरा पीत नाही. कधी प्यायला नाही. दारू सोडा, तंबाखू नाही, सुपारी नाही. चहासुद्धा अर्धा कप.

बडोद्याला मी जळगावकडून लग्न होऊन आले. गोरव्यात चाळीतली एक खोली. नवरा तिथल्याच एका कारखान्यात लेथवर लोखंड कातायचा. अकरा वर्षं. पाइपचे व्हॉल्व्ह बनायचे तिथं. हात असा की मोजमाप घ्यायच्या आधीच त्याला कळायचं, लोखंड किती उतरलंय. मग नव्वद साल उलटलं, बाहेरचा माल स्वस्तात यायला लागला, मोठ्या ऑर्डरी गेल्या. एक दिवस शेठनं लेथचं सगळं खातंच बंद केलं. “कालथी आवता नहीं.” उद्यापासून येऊ नका. बस्स, एवढंच. अकरा वर्षांचा माणूस डबा घेऊन घरी आला. डबा उघडलाही नव्हता.

तेव्हापासून घर माझ्यावर. क्लबचं एक शिवणकेंद्र गोरव्यात चालायचं, तिथं मी बायकांना शिकवायची. आणि योगायोग म्हणा की माझं कपाळ, त्या वर्षी क्लबचा अध्यक्ष कोण, तर तोच शेठ.

सभा सुभानपुऱ्यातल्या हॉलमध्ये व्हायची. टेबलावर एक पितळी घंटा. अध्यक्षानं लाकडी हातोडीनं ती एकदा वाजवली की सभा सुरू, पुन्हा वाजवली की खलास. मग कुणी बोलायचं नाही, थेट खमण आणि समोसा. मधे पाहुणे वक्ते. एकदा शेअरबाजारवाला, एकदा वास्तुशास्त्रवाला, एकदा कुणीतरी अमेरिका फिरून आलेला. सभासद अर्धे यायचेच नाहीत. वक्त्याला रिकाम्या खुर्च्या दिसू नयेत म्हणून शिवणकेंद्रातल्या बायकांना आणून बसवायचे. सभासद उशिरा टपकले की आम्ही उठायचं, त्यांनी बसायचं. स्वयंपाक टाकून, पोरं शेजारी ठेवून आलेल्या बायका भिंतीला टेकून शेअरबाजार ऐकायच्या.

वक्त्याचं झालं की एक कार्यक्रम ठरलेला. ‘लाभार्थीचे दोन शब्द.’ ज्याला क्लबनं काही दिलंय, त्यानं स्टेजवर येऊन बोलायचं. आधी माझी दशा काय होती, आता काय आहे. हे दोन शब्द लाभार्थीचे नसायचेच. ते मावशी लिहायच्या.

मावशी म्हणजे शिवणकेंद्र ज्यांच्याकडे होतं त्या बाई. आपल्या मराठी. सुभानपुऱ्यात बंगला, आजेसासरे राजाच्या कारभारात मोठ्या हुद्द्यावर. पहिल्या दिवशी मी त्यांना “बेन” म्हटलं, तर खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “अय्या, मराठी का गं तू? मग मला बेन नको, मावशी म्हण.” मी इतकी हरखले! परक्या गावात आपलं बोलणारं माणूस भेटलं म्हणून घरी जाऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “गाव कुठलं? आडनाव काय?” मी सांगितलं. “असं होय,” म्हणाल्या. त्यानंतर तो हात खांद्यावर कधी आला नाही. मावशी म्हणणं तेवढं चालू राहिलं.

माझा कागद त्यांनी सभेच्या दिवशी सकाळी दिला. मी तो तिथंच वाचला.

“मावशी, हे खोटं आहे. ते पीत नाहीत. कारखाना सुटला म्हणून घरी आहेत.”

“अगं, कारखाना सुटला असं कसं लिहू? शेठ समोर बसणार ना! आणि तुमच्या लोकांत पितातच की सगळे. चौदा एप्रिलची सुटी मागितलीस तेव्हा तर खात्रीच पटली माझी. त्यात लाजायचं काय एवढं?”

मी कागद परत पुढं केला.

“भाषणापुरतं असतं गं ते. कोण लक्षात ठेवतंय?”

मी तो कागद तिथंच फाडायला हवा होता. नाही फाडला. तेवढी एकच नोकरी घरात होती, दोन पोरं शाळेत होती. आणि खरं सांगायचं तर त्याआधी चार मराठी बायकांचे कागद मीच चांगल्या अक्षरात उतरवून दिले होते. एकीचा नवरा काविळीनं गेला होता. कागदावर तो तिला टाकून पळाला होता. मला माहीत होतं. मी उतरवलं. दुसरीच्या नवऱ्याचं होतं तोवर मला काही टोचलं नाही. याची लाज मला अजून वाटते, आणि ती मी कुणाला पुसू देणार नाही.

तर मी वाचलं. आणि घंटेजवळ बसलेल्या शेठनं मागच्या दाराकडं बघितलं. अकरा वर्षं त्यानं या माणसाला सकाळी आत येताना आणि संध्याकाळी बाहेर जाताना बघितलं होतं. दिवाळीला शेठच मिठाईचा पुडा हातात द्यायचा. त्याला माहीत होतं. त्या हॉलमध्ये आम्हा नवरा-बायकोशिवाय हे पक्कं माहीत असलेला तोच एकटा. त्यानं नवऱ्याकडं बघितलं, तोंड माझ्याकडं वळवलं आणि सगळ्यांत आधी टाळी वाजवली.

घरी जाताना नवरा सायकल हातात धरून चालत होता. मी मागं. चाळीच्या वळणावर म्हणाला, “चांगलं वाचलंस. एक शब्द अडला नाही.”

त्यानं मला मारलं असतं तरी चाललं असतं.

पुढं काय झालं ते ऐका. भाषणापुरतं असतं ना ते? गोरव्यात एका नव्या कारखान्यात लेथवाला हवा होता. नवरा गेला. चाचणीसाठी एक तुकडा बनवायला दिला. फोरमननं तो हातात फिरवून बघितला आणि खूश झाला. सोमवारपासून ये म्हणाला. तेवढ्यात मालक आला. तोही क्लबवाला. नाव ऐकून म्हणाला, “तमारां वाइफ क्लबमां बोल्यां’तां ने? ना भाई, पीधेलो माणस लेथ पर न चाले.”

प्यालेला माणूस लेथवर चालत नाही. बरोबरच आहे, बोटं जातात. दुसऱ्या ठिकाणीही तेच. तिसऱ्या ठिकाणी फाटकावरच्या वॉचमननंच सांगितलं. कारखान्यांच्या एवढ्या मोठ्या वसाहतीत माझ्या नवऱ्याची एकच ओळख राहिली, आणि ती मी माझ्या तोंडानं करून दिली होती. तो घरी येऊन कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडायचा. धाकटीनं एकदा विचारलं, “पप्पा दारू पितात का गं?” शाळेत कुणी तरी बोललं असणार. तो जागा होता. त्यानं ऐकलं.

मी मावशींच्या बंगल्यावर गेले. त्या झोपाळ्यावर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. हात जोडले. म्हटलं, तुम्ही नुसतं पुढच्या सभेत सांगा, चूक झाली म्हणून. मागं काचेचं कपाट होतं. त्यात त्यांच्या मिस्टरांच्या बाटल्या, ओळीनं. आमच्या गुजरातेत दारूबंदी. पण डॉक्टरची चिठ्ठी असली की परमिट मिळतं. परमिटवाला प्यायला की ते तब्येतीसाठी. आमचा न पिता बेवडा.

“अगं, आता वार्षिक पुस्तिकेत छापून झालं ते. तुझ्या फोटोसकट,” मावशी म्हणाल्या. “पण थांब, तुझं काम करते मी. पुढच्या सभेला मुंबईचे मोठे वक्ते येताहेत. विषय आत्मसन्मान. पुन्हा तूच बोलायचंस. तू बोललीस की लोक रडतात.”

आणि आत जाऊन त्यांनी कागद लिहून आणला. तोच जुना मजकूर. शेवटी एक ओळ वाढवलेली. क्लबच्या आधारामुळे माझ्या पतीने आता दारू सोडली आहे.

“बघ, सोडली असं लिहिलंय. झालं ना आता?”

अंगाची नुसती लाही लाही झाली. न प्यालेली दारू क्लबनं सोडवली! कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि म्हटलं, “बरं मावशी.”

घरी नवऱ्याला म्हटलं, “गुरुवारी सभेला या.”

“मी नाही येत.”

“गेल्या वेळी जिथं उभे होतात, तिथंच उभे राहा. एवढं एक ऐका माझं.”

गुरुवारी मुंबईचा वक्ता तासभर बोलला. आत्मसन्मान हा आतून येतो म्हणाला. त्याला शाल दिली, चांदीचा मुलामा दिलेलं लक्ष्मीविलास पॅलेसचं छोटं मॉडेल दिलं. मग माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर गेले. मागच्या दारात तो उभा होता. धुतलेला शर्ट घालून, मान खाली घालून. कागद मी काढलाच नाही.

“मारो वर दारू नथी पीतो,” मी म्हटलं. “कदी नथी पीधो. गई वखते हुं जूठुं बोली.”

गेल्या वेळी मी खोटं बोलले, असं भर सभेत सांगितलं. मावशींचा चेहरा पांढरा पडला. मी शेठकडं वळले. तो माझ्यापासून दोन हातांवर, घंटेजवळ बसला होता.

“शेठ, अगियार वरस ए तमारी लेथ पर हतो. एक दिवस पण पीधेलो आव्यो?”

अकरा वर्षांत एक दिवस तरी पिऊन आला का? हो की नाही, एवढंच. शेठनं माझ्याकडं बघितलं. मग मागच्या दाराकडं बघितलं. तिथं नवऱ्यानं मान वर केली होती. दोघांची नजर भिडली. शेठनं हातोडी उचलली आणि घंटा वाजवली.

सभा संपली! खुर्च्या सरकल्या. कुणी तरी माइक बंद केला. वक्ता शाल सावरत खमणाच्या टेबलाकडं निघाला. एवढा वेळ आतून येणारा सन्मान सांगत होता, जाताना माझ्याकडं वळून बघितलंही नाही. नेहमी घंटा झाली की आमच्या बायका आधी उठायच्या, ताटल्या भरायला. त्या दिवशी शेवटच्या दोन रांगांमधली एकही बाई जागची हलली नाही. मग मी माइकशिवाय बोलले. माझा आवाज शिवणकेंद्रात सहा मशिनं चालू असताना पुरतो, तिथं का नाही पुरणार?

“शेठ, जवाब आपो!”

तो पाठ करून उभा राहिला. मी मराठीत मावशींना म्हटलं, “मावशी, आमच्या लोकांत पितात म्हणालात. तुमच्या काचेच्या कपाटात काय ठेवलंय, ते पण छापा पुस्तिकेत.” कुणी तरी फिस्सकन हसलं. मावशी म्हणाल्या, “कृतघ्न मेली.” मी ऐकलं. मग खाली उतरले, मधल्या वाटेनं सरळ मागच्या दारापर्यंत गेले आणि नवऱ्याबरोबर बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या किल्ल्या मागायला माणूस आला. दिल्या. नवऱ्याला गोरव्यात लेथ पुन्हा मिळाली नाही. शेठनं घंटा वाजवली होती, उत्तर दिलं नव्हतं, मग शिक्का कसा पुसला जाणार? तो बाजव्याला सायकलींच्या दुकानात पंक्चर काढायला लागला. आयुष्यभर केसाएवढं मोजणारा हात टायर-ट्यूबमध्ये गेला. मी घरी ब्लाउज शिवते. आमचं भलं झालं असं कुणी समजू नये.

ती पुस्तिका माझ्याकडं आहे. माझा फोटो, खाली ते वाक्य. ते खोडता येत नाही म्हणून हे लिहिलं.

क्लब अजून आहे. दर वर्षी नवा अध्यक्ष, नवे वक्ते. केंद्रातल्या बायका अजून कागद घेऊन माझ्या दारात येतात. “ताई, जरा वाचायला शिकवा ना, गुरुवारी बोलायचंय.” मी मशीन थांबवते. कागद हातातही घेत नाही. म्हणते, आधी घरी जा. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला समोर बसव आणि मोठ्यानं वाच. त्याच्यासमोर वाचता आलं, तर ये, मी शिकवते. नाही आलं, तर स्टेजवर चढ, कागद फाड आणि खरं बोल. ते घंटा वाजवतील. वाजवू दे. तू बोलत राहा.