वरचं विकलं, खालचं नाही

वाकून नमस्कार केलेल्या माणसाला मला 'नाही' म्हणता येत नाही. हे मला ठाऊक आहे आणि टेक्सासमधल्या आमच्या फ्रिस्कोतल्या निम्म्या मराठी लोकांनाही ठाऊक आहे. गणपतीत मोदकांचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं, ते काही माझ्या हाताला चव आहे म्हणून नव्हे. भीड ही भिकेची बहीण, असं माझी आई म्हणायची. मी ते ऐकायचे आणि पुन्हा पिठी मळायला बसायचे.

आम्ही अर्विंगला राहत होतो तेव्हा माझ्या नवऱ्याने फोर्ट वर्थच्या पलीकडे थोडी जमीन घेतली होती. तिथे आंबा लावायचा, म्हातारपणी तिथेच राहायचं, असा त्याचा बेत. आंबा पहिल्याच थंडीत गेला. पुढे लेकीच्या कॉलेजसाठी जमीन विकायची वेळ आली, तेव्हा हा गडी अडून बसला. म्हणाला, "वरचं विकीन, खालचं नाही." टेक्सासमध्ये जमीन वेगळी आणि तिच्या पोटातला गॅस वेगळा, एक विकून दुसरं स्वतःकडे ठेवता येतं. घोडे पाळणाऱ्या एका माणसाने वरची जमीन घेतली, खालच्या गॅसचे हक्क आमच्याकडे राहिले. मित्र याला 'पाताळाचे जहागीरदार' म्हणून चिडवायचे. तोही हसायचा, पण हट्ट सोडला नाही.

पुढे एका कंपनीने तिथे गॅसची विहीर खणली. निघेल त्या गॅसचा ठरलेला हिस्सा दर महिन्याला चेकने यायला लागला. सुरुवातीला बरा यायचा. मग आटत आटत इतका झाला की दोघांनी अर्विंगला जाऊन डोसा आणि कॉफी घेतली की संपला. नवरा गेल्यावर चेक माझ्या नावाने यायला लागले. डोसा एकटीने खाववेना, म्हणून मी ते नुसतेच बँकेत टाकत राहिले.

मागच्या हिवाळ्यात इथल्या मराठी मंडळातला एक मुलगा घरी आला. मुलगा म्हणजे चाळिशीचा, पुण्याहून आयटीत आलेला. नोकरी सांभाळून असे गॅसचे हक्क विकत घ्यायचा धंदाही करतो. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात यानेच आम्हाला कितीदा तरी हॉस्पिटलला नेलं होतं. दारात बूट काढून आधी मला वाकून नमस्कार केला, मग सोफ्यावर बसला.

"काकू, ती गॅसची विहीर आता म्हातारी झालीय. चेक अजून खाली जाणार. मी तुम्हाला चार वर्षांचे चेक एकदम देतो, तुमचं टेन्शनच संपलं. बाहेरचे लोक फसवतात, आपल्याच माणसाला दिलेलं बरं ना?"

मी त्याच्यापुढे लाडू ठेवले. लेकीला फोन लावला. ती शिकागोजवळ नेपरव्हिलला असते, तिकडे बर्फ उपसत होती. "आई, जस्ट साइन इट. इट्स डोसा मनी," म्हणाली.

सही मी केलीही असती. पेन घेऊन बाहेर आले आणि सहज विचारलं, "आटलेली विहीर तू का घेतोस रे?"

तो हसला. "तुमच्यासाठी, काकू."

मी नागपूरची आहे. माझ्यासाठी कुणी तोट्यात जातंय असं ऐकलं की माझा हात आधी पर्सवर जातो. रद्दीसुद्धा मी दोन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय कधी घातली नाही, आणि हे तर नवऱ्याने भांडून राखलेलं. मी म्हटलं, कागद ठेवून जा, बघते.

दुसऱ्या दिवशी गाडी काढली आणि एकटी निघाले. आमच्या जमिनीवर घोडे चरत होते, आंब्याच्या जागी काही नव्हतं. पण रस्त्यापलीकडचं माळरान सपाट करून त्यावर खडी पसरली होती, आणि पाइप लादलेले ट्रक रांगेने उभे होते. कुंपणाशी तो घोडेवाला भेटला. गॅसच्या नव्या विहिरी खणतायत म्हणाला, एकदोन नव्हे. मी तिथेच गाडीत बसून राहिले. रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

मग मी असं काही केलं की मंडळात त्याची चर्चा उन्हाळ्यापर्यंत पुरली. वकील गाठली. 'आपल्याच माणसाच्या कागदावर वकील बसवला,' असं बायका एकमेकींना सांगत होत्या. बसवला तर बसवला. तासाची फी मोजून मी त्या बाईंसमोर बसले आणि शाळेतल्या मुलीसारखं सगळं विचारलं. त्यांनी मला साध्या शब्दांत समजावलं. चेक सांगतो तो जुन्या विहिरीचा गॅस आणि आजचा बाजारभाव. नवी विहीर आधी सरळ खाली जाते, मग जमिनीखालून आडवी लांबवर जाते, आणि तिथल्या नव्या विहिरींपैकी एकीची नकाशावरची रेघ तुमच्या तुकड्याखालून जाते. गॅस किती निघेल, भाव चढेल की पडेल, हे कुणालाच सांगता येत नाही. पण घेणारा जुन्या चेकचा भाव देऊन पुढचं सगळं घेतो, आणि एकदा दिलं की परत मिळत नाही. विकायचंच तर चार जणांना विचारा, आणि सगळं विकलंच पाहिजे असं नाही, अर्धंही विकता येतं.

संक्रांतीच्या सुमारास तो परत आला, यावेळी आईला घेऊन. आई पुण्याहून थंडीपुरती आलेली, हातात तिळाच्या वड्यांचा डबा. त्याने पुन्हा वाकून नमस्कार केला. मी 'सुखी राहा' म्हटलं, चहा टाकला आणि त्याचे कागद बिनसहीचेच टेबलावर ठेवले.

"रस्त्यापलीकडे ट्रक कसले लागलेत रे?"

त्याने टेबलावरचे कागद सरळ केले. मग म्हणाला, "काकू, त्याची काही गॅरंटी नसते."

"पण तुला माहीत होतं."

"मी डबल करतो. ओके?"

चहाला उकळी फुटायच्या आत भाव दुप्पट झाला. तेव्हा मला माझ्या नवऱ्याचा फार अभिमान वाटला. पाताळाचे जहागीरदार म्हणून हसणारे सगळे त्या क्षणी माझ्या स्वयंपाकघरात हवे होते.

"अहो, माझ्या लेकाने तुमच्या मिस्टरांसाठी एवढं केलं," त्याची आई म्हणाली. बाई रडवेल्या झाल्या होत्या, आणि त्यांची चूक काहीच नव्हती.

"केलं," मी म्हटलं. "मरेपर्यंत विसरणार नाही. पण त्या हॉस्पिटलच्या फेऱ्या माझ्या नवऱ्यासाठी होत्या की त्याच्या गॅससाठी, हे आज मला विचारायला लावू नका."

मी चहा गाळला, दोघांना दिला, वड्या बशीत काढल्या. विकायचं ठरवलं तर चौघांना विचारीन, त्या चौघांत तूही असशील, असं त्याला सांगितलं. आज विकायचं नाही, हेही सांगितलं.

रात्री लेकीचा फोन आला. तिला सगळं कळलं होतं, कुठून ते देव जाणे. "यू सेड नो? टू हिम?" एवढंच विचारलं आणि हसत सुटली. तिला वाटलं मी पैशांसाठी अडले. मी पैशांसाठीच अडले, त्यात लाजायचं काय?

पण त्याआधी, ते दोघं निघताना, त्याच्या आईने माझे दोन्ही हात धरले. तो बूट घालून दारात उभा राहिला. हा पुन्हा वाकेल आणि माझा जीव पुन्हा पाघळेल, अशी मला खरंच भीती वाटली. पण तो वाकला नाही. ताठ उभा राहून माझ्याकडे बघत म्हणाला, "तुमचा फायनल रेट काय, ते कळवा."

पहिल्यांदाच तो माझ्याशी मालकिणीशी बोलावं तसं बोलला. मी म्हटलं, "कळवते."