खोल पाण्यातलं बेणं

जांबियानी या बेटावरच्या गावाच्या किनाऱ्यावर शेवाळाचं बेणं कधी विकत नाहीत. मागायला आलेल्या बाईच्या ओच्यात ओंजळभर टाकायचं, आणि तिनेही पुढे मागणारीला तसंच द्यायचं. झुवेना नवी नवरी होऊन या गावात आली तेव्हा गावातल्या जुन्याजाणत्या काझिजाबीने तिला असंच बेणं दिलं, आणि दोरीला गाठ कशी मारायची तेही शिकवलं. "गाठ आवळू नकोस गं, त्यालाही वाढायचंय. लेकराच्या करगोट्यासारखी सैल ठेव."

त्या सैल गाठींवर झुवेनाने संसार उभा केला. ओहोटीला पाणी मागे गेलं की कमरेला गुंडाळलेलं कापड, म्हणजे कांगा, गुडघ्यापर्यंत खोचून जायचं, खुंट्या रोवायच्या, दोऱ्या ताणायच्या, तयार झालेलं शेवाळ डोक्यावरून आणून वाळूत सुकवायचं आणि व्यापाऱ्याला विकायचं. मुलगा सैद शिकला तो त्यावरच, घराला सिमेंटची खोली चढली ती त्यावरच. नवरा मकामे होडी घेऊन मासे मारायला जायचा. पण मासा कधी लागे, कधी नाही. शेवाळ मात्र बायकांच्या कष्टाला जागायचं.

अलीकडे तेही बिघडलं. उत्तरेचा वारा सुटला की पूर्वी पाणी कोमट व्हायचं, आता उकळी येईल की काय असं तापू लागलं. शेवाळाचे शेंडे आधी पांढरे पडायचे, मग ते उकडलेल्या भाजीसारखं मऊ होऊन बोटांतून गळायचं. त्यावर केसांसारखं काहीतरी चढायचं आणि बायकांच्या पोटऱ्या खाजून लाल व्हायच्या. पाऊस संपून दक्षिणेचा थंड वारा आला की पाणी निवायचं, पण तोवर लावायला बेणं कुठलं उरणार? मागच्या वर्षी दुसऱ्या बेटावरून पोत्यांतून मागवलं. पोती उघडली तर वासाने कावळेसुद्धा जवळ येईनात.

म्हणून यंदा झुवेनाने वर्षातली सगळ्यात मोठी ओहोटी गाठली. त्या दिवशी समुद्र इतका मागे जातो की एरवी होडीशिवाय जाता येत नाही अशा जागी पायी पोचता येतं. खडकांच्या रांगेत एक फट आहे, तिथून बाहेरचं पाणी आत येतं. चालता चालता तिच्या पोटऱ्यांना एकदम गारवा झोंबला. ती थांबली, मागे आली तर कोमट, पुढे गेली तर गार. "इथे जगेल," ती म्हणाली.

पुढच्या दोन दिवसांत सगळ्या बायकांनी आपलं उरलंसुरलं, अजून हिरवं असलेलं बेणं तिच्या टोपलीत टाकलं. काझिजाबी एवढंच म्हणाली, "ही ठेव आहे हं, झुवेना. देवाच्या आणि तुझ्या मधली."

एकट्या मिझाने टाकलं नाही. मिझा तिची शेजारीण, तोंडाने तिखट. "माझं बेणं मी डोळ्यांपुढे ठेवीन. हिला पोहता येत नाही, आणि निघाली खोल पाण्यात दुकान टाकायला!"

झुवेनाने दोऱ्या मुद्दाम पाण्याच्या खाली दाबून बांधल्या, दोऱ्या तरंगत्या ठेवणाऱ्या रिकाम्या बाटल्याही वर दिसणार नाहीत अशा, म्हणजे उन्हाची झळ लागू नये. मग जागेची खूण कशी ठेवायची? मकामेने कितीदा सांगितलं होतं, किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एकामागे एक आणायच्या, तशाच दुसऱ्या बाजूच्या दोन आणायच्या, दोन्ही ओळी जिथे मिळतात तिथे आपली जागा. तिने मशिदीच्या मिनारामागे गोरखचिंच धरली. दुसरीकडे शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे पाहुण्यांच्या हॉटेलचं उंच छप्पर धरलं. झावळ्यांचं, डोंगरासारखं टोकदार, लांबून पहिलं तेच दिसायचं. काम झालं म्हणून ती समाधानाने परतली.

मग पाऊस लागला. पाणी गढूळ, लाटा उंच, तेवढी मोठी ओहोटीही पुन्हा आली नाही. मिझाचं बेणं तिच्या डोळ्यांपुढेच पांढरं होऊन गेलं. आता सगळं गाव झुवेनाच्या तोंडाकडे बघत होतं. नमाजाला बसली तरी तिच्या मनात त्या दोऱ्याच यायच्या. मोठं मागणं तिने कधी मागितलं नव्हतं; आता एवढंच म्हणायची, दुसऱ्यांचं आहे, सांभाळ.

दक्षिणेचा वारा सुटला, आकाश धुतल्यासारखं झालं, आणि उधाणाच्या पहिल्या ओहोटीला मकामेने होडी काढली. सगळ्या बायका वाळूत येऊन उभ्या राहिल्या. होडी आत गेल्यावर झुवेनाने मागे वळून पाहिलं. मिनार होता, गोरखचिंच होती. टाकीही होती. टाकीच्या मागे नुसतं आभाळ.

"अहो," ती म्हणाली, "छप्पर कुठे गेलं?"

मकामेने वल्हं थांबवलं. "कुठलं छप्पर?"

"हॉटेलचं. ते धरलं होतं मी."

त्याने वल्हं मांडीवर आडवं घेतलं. "सैदची आई, मशीद धरलीस ते बरं केलंस. पण हॉटेल? अगं, पावसाळ्यात पाहुणे नसले की ती माणसं चादरी बदलावी तशी छपरं बदलतात. मागच्या आठवड्यात उतरवलं ते. कोळ्याच्या बायकोने हॉटेल धरलं, हे मी कुणाला सांगू?"

"कुणाला सांगू नका," ती म्हणाली. "सगळ्यांचं होतं हो ते. माझं एकटीचं असतं तर गेलं म्हटलं असतं."

तिचा चेहरा बघून मकामेची थट्टा जागच्या जागी विरली. तो म्हणाला, "एक ओळ आहे ना शाबूत? मग या ओळीवर कुठेतरी असणारच. मी काठीने चाचपतो."

पण काठीला दोरी आणि गवत सारखंच लागत होतं. होडी मिनाराच्या ओळीवर हळूहळू पुढे सरकत होती आणि खाली पाणी अजून गढूळ, काही दिसेना. झुवेनाला ती जागा आठवत होती, पण डोळ्यांना नाही, पायांना. तिने कांगा कमरेशी घट्ट बांधला.

"मी उतरते."

"वेडी झालीस? छातीच्या वर पाणी आहे."

"उलांडी धरून राहते. तुम्ही होडी पुढे घ्या, सावकाश."

आयुष्य समुद्रात गेलं तरी झुवेनाचं डोकं कधी पाण्याखाली गेलं नव्हतं. तिच्या लहानपणी मुलींना पोहायला कोण शिकवत होतं? ती बिस्मिल्ला म्हणत उतरली. पाणी गळ्याशी आलं. दोन्ही हातांनी होडीच्या बाजूला तोलासाठी बांधलेल्या उलांडीचं लाकूड इतकं गच्च धरलं की बोटं पांढरी पडली. पाय खाली सोडले.

"कसं आहे?" मकामेने विचारलं.

"कोमट. चला पुढे."

होडी सरकली. कोमट. अजून सरकली. पायाला काटेरी गोळा लागला, ती कळवळली पण हात सोडला नाही. "कोमटच."

"परत फिरू या का? भरती लागेल आता."

"थोडं अजून."

आणि मग डाव्या पोटरीला गारवा झोंबला. अगदी तसाच. मग उजवीला. तिने श्वास रोखला. "थांबा! थांबा हो, इथेच!"

पायाच्या बोटांनी ती वाळू चाचपत राहिली. गवत, गवत, दगड, गवत. आणि बोटांत काहीतरी अडकलं. ओढलं तर मागे खेचणारं, ताणलेलं. दोरीच ती.

आता हात घालायचा तर डोकं खाली न्यायला हवं होतं. एक हात उलांडीवर ठेवून तिने डोळे मिटले आणि पाण्यात गेली. वर मकामे तिच्या कांग्याचं टोक मुठीत धरून बसला होता, आणि तिला ते ठाऊकच नव्हतं. वर आली ती नाकातोंडात पाणी जाऊन खोकत, पण मुठीत भलामोठा झुपका होता. जाडजूड फांद्या, तपकिरी हिरवा रंग, शेंडे टोकदार. तिने एक फांदी वाकवली. कट्कन मोडली.

"ऐकलंत?" ती ओरडली. "ऐकलंत का हो?"

"ऐकलं. गावाने पण ऐकलं असेल." मकामेने तिला काखेत धरून वर ओढलं. ती होडीत पडून हसत होती की रडत होती, ते त्याला कळेना. त्याने आपल्या डोक्यावरची टोपी काढून तिचं तोंड पुसलं आणि वर बघून पुटपुटला, "तुझे उपकार."

मधल्या एक-दोन दोऱ्या माशांनी साफ केल्या होत्या. बाकीच्या इतक्या भरल्या होत्या की उचलवत नव्हत्या. जमेल तेवढं घेऊन होडी किनाऱ्याला लागली, तशा बायका गुडघाभर पाण्यात धावत आल्या. काझिजाबीने एक फांदी कानाशी नेऊन मोडली, दाताखाली चावली आणि मान हलवली. "खारट, कडक. जिवंत आहे." मग वाळूतच बसून तिने डोळ्यांना पदर लावला. "माझ्या मेल्या गुडघ्यांनी दगा दिला नसता, तर मी पण आले असते गं तुझ्याबरोबर."

वाटणी सुरू झाली. ओच्यांमागून ओचे भरत होते. मिझा लांब उभी होती, कुणाशी तरी उगाच बोलत. तिच्या दोऱ्या रिकाम्या होत्या, आणि ठेवीत तिचं काही नव्हतं. झुवेनाने झुपका उचलला, चालत गेली आणि तिच्यासमोर उभी राहिली.

"ओचा धर."

"मी काही मागितलं नाही," मिझा म्हणाली.

"मग तुझ्या वतीने मीच मागितलं असं समज. धर, हात दुखतायत."

मिझाने कांगा पुढे केला. मान वर न करता म्हणाली, "दुकान चाललं म्हणायचं तुझं." आणि मग अगदी हळू, "गाठ सैल मारीन."

"मारशीलच. काझिजाबीच्याच हाताखाली शिकलीस ना."

पलीकडे हॉटेलच्या वाशांवर माणसं नव्या झावळ्या चढवत होती. मकामेने होडी बांधता बांधता तिकडे बोट दाखवलं. "बघ, तुझी खूण परत येतेय."

"राहू दे तिला तिथेच," झुवेना म्हणाली, आणि उरलेलं बेणं घेऊन आपल्या खुंट्यांकडे निघाली. भरतीचं पाणी आत येत होतं, पावलांना थंड लागत होतं.