नावेतलं डोहाळजेवण, खरोखरच्या नावेत

सात महिन्यांच्या गरोदर लेकीला पत्र्याच्या होडीत बसवून समुद्राच्या दिशेनं सोडू नये, एवढी साधी गोष्ट मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी कळली. तोपर्यंत कुणी सांगितलीच नव्हती! (सांगितली होती. विहीणबाईंनी तीनदा सांगितली होती. पण विहिणीचं ऐकायचं तर मग मुलीची आई कशाला व्हायचं?)

झालं असं, की माझ्या धाकट्या जावेनं तिच्या मुलीचं डोहाळजेवण नावेतलं केलं. नाव कसली, थर्माकोलची! राहात्याच्या मंगल कार्यालयात, निळ्या चादरीवर ठेवलेली. तरी सहा महिने भावकीत दुसरा विषय नाही. मी त्याच दिवशी ठरवलं, माझ्या स्वातीचं डोहाळजेवण खऱ्या नावेत, खऱ्या पाण्यात होणार. स्वाती दिलेली कोकणात, घराच्या अंगणातून चार पावलं गेलं की धक्का आणि धक्क्याला लागून खाडी. पाणी फुकटात होतं. नाव आमच्या घरची होती.

ती आमच्या शेततळ्यातली. माशांना खाद्य टाकायला ह्यांनी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेली. अठरा फूट लांब आणि रुंदी जेमतेम अडीच फूट, कारण पाटावरच्या पुलाखालूनही ती गेली पाहिजे असा ह्यांचा हट्ट होता. बूड सपाट. तिला वल्हं नव्हतं. शेततळ्याच्या दोन्ही काठांवर एकेक माणूस उभा करायचा आणि दोरीनं इकडून तिकडं ओढायची! ही होडी आम्ही पिकअपमध्ये घातली, शेपूट मागं सात-आठ फूट बाहेर, त्याला लाल फडकं बांधलं आणि घाट उतरून कोकणात आलो.

विहीणबाईंनी होडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाल्या, "विहीणबाई, ही आपली अंगणात ठेवूया. छान सजवूया."

"अंगणात ठेवायला ती काय तुळस हाय?" मी म्हटलं.

"तसं नाय वो. उद्या पुनव. उधाणाचं पाणी, सरसर ओसरतं. बसवायचंच असलं तर दोर चांगला लांब सोडा आणि अर्ध्या तासात आटपा."

आता मला पाण्यातलं कुणी शिकवावं? माझे वडील पाटकरी! कोणत्या चारीला पाणी कधी सोडायचं आणि कधी बंद करायचं, यात त्यांची हयात गेली. मी पाटाच्या कडेला वाढले. पाणी उताराला जातं, आणि कुणी गेट उघडल्याशिवाय येत नाही की बंद केल्याशिवाय जात नाही, हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. खाडी पाटापेक्षा रुंद होती, एवढाच काय तो फरक!

दुसऱ्या दिवशी पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला टेकलं होतं. मी होडी शेवंतीच्या माळांनी मढवली आणि तिचं नाक धक्क्यावरच्या खुंटाला बांधलं. हातभर दोरीवर, आखूड! जनावराला दावं आखूड ठेवलं की ते नीट उभं राहतं, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. ह्यांच्या हातात मोबाईल दिला आणि बजावलं, "फोटो काढत राहायचं. काय बी झालं तरी थांबायचं न्हाई."

स्वाती फुलांचे दागिने घालून मधोमध बसली. मी तिच्या मागं, आधाराला. धक्क्यावर बायका. ओवाळणं झालं, ओटी झाली, गाणी सुरू झाली. गाणी सुरू झाल्यावर आमच्याकडची बाई थांबते का? विहीणबाई दोनदा म्हणाल्या, "आटपा वो." मी तिसरं गाणं धरलं.

चौथ्या गाण्याला मला वाटलं, धक्का वर चाललाय. पाचव्याला स्वाती मागं सरकून माझ्या मांडीत आली.

"आई, आपण तिरक्या झालोय का?"

बघते तर काय! पाणी तीन पायऱ्या खाली गेलेलं आणि आमच्या होडीचं नाक खुंटाला लटकलेलं. मागची बाजू पाण्याला टेकली होती आणि पत्र्याच्या काठावरून पहिलं चुळकाभर पाणी आत आलं. मी दोन्ही हातांनी काठ गच्च धरला. मला पोहता येत नाही. स्वातीला पोहता येत नाही. आणि पोटात होतं त्याला तर अजून श्वाससुद्धा घेता येत नव्हता!

"अहो, पोरीला वर ओढा!" मी किंचाळले.

ह्यांनी फोटो काढला.

विहीणबाईंनी हात पुढं केला, पण उघड्या पडलेल्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ, त्यांचाच पाय घसरला. दोरी अशी ताणलेली की गाठ सुटता सुटेना. आत अजून पाणी आलं. स्वाती दोन्ही हात पोटावर घेऊन बसली होती. ते बघून मला काही सुधरेना. फळं कापायला घेतलेला विळा शेजारी होता, तो मी उचलला.

"कापू नगं!" हे पहिल्यांदाच मोबाईल खाली घेऊन ओरडले. "अगं, वल्हं न्हाई!"

पण तोवर मी कापली होती.

होडी धप्पकन पाण्यावर आदळली, सरळ झाली, आणि मला वाटलं, जिंकले! दुसऱ्या क्षणी धक्का मागं जायला लागला. बायका मागं जायला लागल्या. विहीणबाई लहान होत गेल्या. पाणी आम्हाला घेऊन निघालं होतं आणि ते उताराला, म्हणजे थेट समुद्राकडं निघालं होतं. खाडीच्या तोंडाशी फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ मला दिसली.

"अहो!" मी बोंब मारली. "फोन लावा! पाणी बंद करायला सांगा!"

"कुनाला लावू?" हे काठानं धावत होते.

"कुनाला बी! वरचं गेट पाडायला सांगा!"

"अगं, ह्याला गेट न्हाई!"

गेट नाही! मला त्या दिवशी कळलं की जगात असंही पाणी आहे, ज्याला गेट नाही, पाटकरी नाही, आणि ज्याच्या मालकाला फोन लावता येत नाही. मी मोहटादेवीला खण-नारळ बोलले. मग साडी बोलले. लाटांचा आवाज जवळ आला तशी चालत येईन म्हणाले. (माझे गुडघे बघता देवीलाच काळजी पडली असेल.)

"आई, रडू नकोस ना," स्वाती म्हणाली. "तू हललीस की होडी हलते."

"बाळ हालतंय का गं?"

"मघापासून लाथा मारतंय."

मी तिला घट्ट धरलं. खरं सांगते, तेव्हा जाऊबाई, थर्माकोल, मान, पान काही आठवत नव्हतं. एवढंच वाटत होतं, की माझ्या मिजाशीपायी माझी पोर चालली, आणि आता मी हिच्या सासूला काय सांगू?

तेवढ्यात खर्रर्र आवाज झाला आणि होडी गचकन थांबली. मला वाटलं, मगर! मी डोळे मिटून स्वातीवर आडवी पडले. कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला.

विहीणबाई होत्या. नऊवारीचा काचा मारलेला, पाणी पोटरीइतकं, आणि चेहऱ्यावर जरासा घाम.

"वाळूवर चढलाय तुमी," त्या म्हणाल्या. "मी काठानं ओरडत होते, की गप बसा, पुढं उथळ हाय. पण तुमी कुठल्या ऐकताय." मग सुनेला म्हणाल्या, "चल गो बाय, सांभाळून. माझ्या खांद्याला धर."

स्वाती उतरली. उठताना तिच्या ओटीतला नारळ, तांदूळ, हळकुंडं सगळं माझ्या मांडीवर आलं आणि डोक्यातली फुलं निसटून माझ्या खांद्यावर राहिली. ती सासूचा हात धरून, पाणी उडवत, चालत गेली. चालत! मी त्या दोघी काठाला लागेपर्यंत श्वास सोडला नाही. विहीणबाईंनी तिला पदरानं पुसलं, खुर्चीवर बसवलं, आणि हे हातातला मोबाईल टाकून लेकीजवळ जाऊन ढसाढसा रडायला लागले. तिथून हात करून विहीणबाईंनी मला बोलावलं.

"या तुमी!" मी ओरडले. "मी होडी राखते!"

होडी कसली राखते! पाय खाली टाकायची हिंमत नव्हती. ज्या पाण्याला गेट नाही, ते काय सांगून परत येणार? मी दोन्ही काठ पकडून, डोळे मिटून देवीला नवसातलं चालत जायचं कलम तेवढं कमी करता येईल का विचारत बसले. असा अर्धा-पाऊण तास गेला असेल. पाणी घोट्यापर्यंत उतरलं, मग तेवढंही राहिलं नाही. ओल्या वाळूत तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचायला गावातल्या बायका टोपल्या घेऊन आल्या आणि माझ्या भोवती गोळा झाल्या. फुलांनी सजलेली होडी, मधे मी, मांडीवर नारळ न् तांदूळ, अंगावर शेवंती!

त्यातली सगळ्यात म्हातारी जवळ आली. तिनं मला खालून वर न्याहाळलं, माझ्या पांढऱ्या केसांपाशी जरा थांबली, आणि मायेनं विचारलं, "कितवा म्हयना गो?"

मी इतकी घाबरलेली होते, की खरं काय ते सांगून टाकलं. "सातवा!"

म्हातारीनं कपाळाला हात लावला, देवाचं नाव घेतलं आणि टोपलीतल्या मूठभर जिवंत तिसऱ्या माझ्या ओटीत घातल्या.