चौथ्या महिन्यात गरोदर राहणाऱ्या बायका

आमच्या उपकेंद्रात कापूस संपतो, पट्ट्या संपतात, वीज तर रोजच संपते. किस्से मात्र उरतात, आणि इतके उरतात की ठेवायला कपाट नाही! पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरात सहा वाड्या, त्यांना मिळून एक खोली, एक टेबल, मी आणि आशाताई संगीता. मी नर्सिंगची पदवी घेऊन सगळं जग येत्या सोमवारपर्यंत सुधारायला आलेली. संगीताताई इथलीच, चौदा वर्षं याच पायवाटा तुडवणारी. रविवारी महाडला घरी गेले की मैत्रिणी विचारतात, "बोल, या आठवड्यात काय?" की मी सुरू!

आज फक्त उलट्यांचे किस्से सांगते. नाकं मुरडू नका. नावं अर्थातच बदलली आहेत. यातल्या भागाबाई म्हणाल्या होत्या, "माजं खरं नाव घाल गो, मी काय चोरी केली हाय?" तरी बदललं.

*

रुजू झाल्या झाल्या मी गरोदर बायकांचं रजिस्टर उघडलं. पाचवा महिना, सातवा, चौथा, सहावा. पहिल्या तीन महिन्यांतली एकही बाई नाही! मागच्या वर्षी नाही, त्याच्या आदल्या वर्षीही नाही.

"संगीताताई, हे कसं शक्य आहे? इथल्या बायका काय थेट चौथ्या महिन्यात गरोदर राहतात?"

"इकडं तसंच हाय मॅडम. तीन महिने भरल्याबिगर कोन सांगत नाय. नजर लागते."

मी तिथल्या तिथे भाषण ठोकलं. फॉलिक अॅसिड सुरुवातीपासून का हवं, मळमळ-उलट्या नेमक्या याच तीन महिन्यांत कशा छळतात, बी-सिक्स नावाच्या साध्या जीवनसत्त्वाच्या गोळीने कितीतरी जणींना आराम कसा पडतो, आणि जेव्हा गरज असते तेव्हाच आपण त्यांना कसं गमावतो! संगीताताईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"खरं हाय तुमचं. पन मला तर सगळ्या म्हायती हायत. आता ह्या घडीला चार हायत."

"मग रजिस्टरात का नाहीत?"

"मॅडम, तुमचं रजिस्टर टेबलावर असतंय. येनारा जानारा वाचतो!"

त्या दिवशी मी पहिली सुधारणा केली. रजिस्टर कुलपात ठेवलं.

*

मग लक्षात आलं की बायका येत होत्या. पण पित्त घेऊन! कुणाला जळजळ, कुणाला गॅस, कुणाला उन्हाची चक्कर. एकीने तर कमालच केली. नवऱ्याच्या नावाने केसपेपर काढला.

"ह्यांना उलट्या होतात."

"कधी?"

"सकाळच्या. भात शिजला की वासानं उमळतंय."

मी लिहीत गेले. पुरुष, वय चौतीस, सकाळच्या उलट्या, भाताचा वास सहन होत नाही. गंभीर प्रकरण वाटलं. म्हटलं, "असं नुसतं ऐकून औषध देणार नाही. त्यांना आत्ताच्या आत्ता घेऊन या."

टेबलाखाली संगीताताईने माझ्या पायावर पाय दिला. मला कळेना. मी आणखी जोरात म्हटलं, "उद्या नाही, आत्ता!"

बाई रडकुंडीला आली. "कसं आनू मॅडम? ते मुंबईला असतात. गनपतीपास्नं घरी आलेले नायत!"

लघवीची तपासणी केली. नवऱ्याची नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी फोनवर बोलून गोळ्या दिल्या. दहा दिवसांनी ती पुन्हा आली, तोंडावर जरा तरतरी. म्हणाली, "ह्यांना आता बरं हाय. उलटी एखादी होते, पन पेज ऱ्हाते पोटात."

मी म्हटलं, "त्यांना सांगा, गोळी चुकवू नका."

*

यशाची चव लागली की माझा आवाज वाढतो. बचत गटाच्या बैठकीत मी तक्ता टांगला. "लाज कसली? लपवता कशाला? गोळी आहे, सल्ला आहे, मी आहे! आत्ता इथे बसलेल्यांपैकी कुणाकुणाला मळमळतंय? हात वर करा!"

वीस बायका. एकही हात नाही. ज्यांचं मला माहीत होतं त्या तिघी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसलेल्या.

शेवटी एक हात वर आला. तारामावशींचा. वय सत्तरच्या पुढे!

"मला मळमळतंय."

"कधीपासून मावशी?"

"महाबळेश्वरच्या एस्टीत बसले की. त्या घाटात."

*

हसून झालं? आता माझी चूक ऐका. ही मी मैत्रिणींनाही उशिरा सांगितली.

सोनाली, वय तेवीस, नवरा महेश मुंबईत कुरिअरमध्ये. मागच्या वर्षी तिला दिवस जाऊन दोन महिने झाले होते. घरच्यांव्यतिरिक्त फक्त मला माहीत. एके दिवशी ती आणि तिची सासू, म्हणजे भागाबाई, एस्टीच्या थांब्यावर उभ्या दिसल्या. मी रस्त्याच्या पलीकडून हात हलवत ओरडले, "अभिनंदन सोनाली! गोळी रोज घेतेस ना?"

थांब्यावर दहा-बारा माणसं होती. तारामावशीही होत्या.

तीन आठवड्यांनी सोनालीचं पोट पडलं.

माझ्या ओरडण्याने काही झालं नाही, हे मला माहीत आहे. तसं शिकलेय. पण भागाबाई माझ्याकडे शिकायला आलेल्या नव्हत्या. त्या वर्षभर माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

*

बोलल्या त्या थेट यंदा, उपकेंद्राच्या दारात, पिठाचा हात तसाच. सोनालीला पुन्हा दिवस गेले होते. संगीताताईने डॉक्टरांना विचारून बी-सिक्सची पट्टी गुपचूप पोचवली होती, आणि सोनालीने ती नाचणीच्या पिठाच्या डब्यात पुरली होती. भाकरी सासू थापते हे ती विसरली!

"ही कसली गोळी?" भागाबाईंनी पिठाळलेली पट्टी टेबलावर आपटली. "उलटी होते म्हंजे पोराला जावळ चांगलं येतं. गोळ्या देऊन टकला करायचा काय माजा नातू?"

मी समजावायला लागले. हे जीवनसत्त्व, हे केळ्यात असतं, हरभऱ्यात असतं, गोळीत फक्त जरा जास्त. जावळाचा काही संबंध नाही. दहा मिनिटं बोलले.

"तुला किती पोरं?"

"माझं लग्न झालेलं नाही."

"मंग बस."

मी बसले. बसल्यावर विचारलं, "ती आणखी काही घेते का?"

"मी देते ना! जावेच्या घरातल्या लाल गोळ्या उरलेल्या, ताकदीच्या. रोज पहाटे, उपाशीपोटी."

लोहाच्या! उपाशीपोटी! बऱ्या माणसालाही ढवळेल. मी हात जोडले. "मावशी, टकल्या नातवाचं पाप माझ्या माथी. पण ती लाल गोळी आत्ता बंद करा. चौथ्या महिन्यात मी स्वतः आणून देते. सकाळी उठायच्या आधी तिला भाकरीचा कोरडा तुकडा द्या, थोडं थोडं खाऊ द्या, आणि ही गोळी द्या."

भागाबाईंनी पट्टीवरचं पीठ पदराने पुसलं आणि ती कनवटीला खोचली.

*

महेशला फोनवर कळलं की बायकोला जीवनसत्त्वाची गरज आहे. त्याने मुंबईहून पार्सल धाडलं. पार्सल कसलं, पिंपच! व्यायामशाळेतल्या पोरांचा डबा, वर दंड फुगवलेला उघडा पुरुष.

मी मागचं बारीक वाचलं. सगळी जीवनसत्त्वं, तीही भरमसाट. त्यात 'ए' तर इतकं की गरोदर बाईला नकोच. महेशला फोन लावला. "अरे, जास्त म्हणजे चांगलं असं नसतं! डॉक्टरांनी सांगितली तेवढीच द्यायची."

"पन मॅडम, दुकानवाला बोलला, फुल पॉवर हाय!"

भागाबाईंनी डबा फिरवून फिरवून त्या चित्राकडे बघितलं. "ह्या बाप्याला कुठं उलट्या झाल्या होत्या?"

डबा रिकामा केला. आता त्यात पापड असतात. पापडवाला पुरुष म्हणून वाडीत प्रसिद्ध आहे.

*

पण सोनालीचं काही हसण्यासारखं राहिलं नाही. गोळी बहुतेकींना पुरते, सगळ्यांना नाही. एका सकाळी संगीताताई धापा टाकत आली. "कालपास्नं पानी बी ठरत नाय." मी वर वाडीत पोचले तर पोरगी भिंतीला टेकलेली, ओठ फुटलेले, वजन चार किलोंनी उतरलेलं. लघवी कालपासून एकदाच. तपासणीची पट्टी गडद जांभळी झाली, म्हणजे उपाशी अंग स्वतःलाच खात होतं.

"हे आता घरचं काम नाही. महाडला न्यायचं. सलाईन लागणार."

"तीन महिने भरू दे," भागाबाई म्हणाल्या.

"त्याला पाच आठवडे आहेत! हिच्याकडे पाच दिवस नाहीत!"

"गाडी दारात आली की वाडी गोळा होनार. मागल्या वक्ताला..." त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं.

माझ्या तोंडात पूर्ण भाषण तयार होतं. मी ते गिळलं. म्हटलं, "तुम्ही सांगा मावशी. कसं न्यायचं?"

दीड वर्षात मी कुणाला तरी पहिल्यांदाच विचारलं होतं. भागाबाईंनाही ते नवीन असावं. त्यांनी उठून लुगडं सारखं केलं.

"गाडी मागव. माजे गुडघे धरलेत. सवच्या गरम पान्याच्या झऱ्याला चाललेय म्हनून सांग. सून सोबतीला."

"गरम पाण्याला कुणी रुग्णवाहिकेतून जातं का?"

"लय धरलेत!"

गाडी आली. वाडी गोळा झाली, सगळ्यांत पुढे तारामावशी. भागाबाई लंगडत निघाल्या. लंगडणं इतकं झकास की धोंडूतात्या, म्हणजे त्यांचे यजमान, खरंच घाबरून हात धरायला धावले. मागून सोनाली पिशवी घेऊन. गाडीपाशी पोचलो. दार उघडलं, आत डिझेलचा वास... आणि सोनाली वाकली ती भडाभडा!

सगळे टाचा उंचावून बघायला लागले.

भागाबाई मटकन खाली बसल्या. लंगडायचं विसरल्या, डोकं धरलं, आणि वाडीभर ऐकू जाईल असा सूर काढला, "आयाई गो! ओकून ओकून जीव गेला माजा! सुनंला बी माजं बघून झालं!"

आणि स्ट्रेचरवर जाऊन आडव्या झाल्या.

महाडमध्ये स्ट्रेचर आत गेलं. नर्सने सुईसाठी भागाबाईंचा दंड चोळायला घेतला तशा त्या टुणकन उठल्या, "मला नाय, हिला!" डॉक्टरांनी सोनालीला आधी बी-वन जीवनसत्त्व दिलं, मग सलाईन, मग उलटीचं औषध. दोन दिवस भागाबाई स्टुलावर बसून बाटलीतला एकेक थेंब बघत होत्या. तिसऱ्या सकाळी सोनालीने अर्धी वाटी पेज घेतली. आम्ही तिघी घड्याळ लावून बसलो. एक तास झाला. राहिली पोटात! मी नाचायच्या बेतात होते. भागाबाईंनी दटावलं, "गप! ओरडू नको परत."

*

परत आल्यावर वाडी समाचाराला लोटली. केळी आली, शहाळी आली. भागाबाई अंथरुणावर, सोनाली आत. घरात कुणी नसलं की जागांची अदलाबदल! कुणी आलं की पुन्हा केळी खाणारी आत, कण्हणारी बाहेर.

तारामावशी जवळ सरकल्या. "काय होत होतं गो नक्की?"

"उलट्या."

"कवा?"

"सकाळच्या," भागाबाई बोलून गेल्या.

तारामावशींनी बोटं मोजली. भागाबाईंचं वय अठ्ठेचाळीस. पुन्हा मोजली. मग हनुवटीवर बोट ठेवलं.

"ह्या वयात गो?"

मी उशाशी बसले होते. तोंड उघडलं. भागाबाईंनी गोधडीखालून माझा हात असा दाबला की बांगडी फुटली. खाली मान घालून त्या चक्क लाजल्या!

दुसऱ्या दिवशी धोंडूतात्या उपकेंद्रात आले. आयुष्यात पहिल्यांदा. "मॅडम, गिरनीवर पोरं इचारतात, तात्या पेढे कवा. मी काय बोलू?"

औषध न्यायला आलेल्या भागाबाई मागून म्हणाल्या, "काय बोलू नका. नुसतं हसा."

महिनाभर वाडी भागाबाईंची चाल बघत होती, भागाबाईंचं ताट बघत होती. सोनालीकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. ती गोळी घेत होती, थोडं थोडं खात होती. वजन पहिल्यांदा पाव किलो वर गेलं, मग अर्धा.

तीन महिने भरायला तीन दिवस होते. मी थांब्याजवळच्या दुकानात पेन घेत होते. तारामावशी होत्या, आणखी चार-पाच बायका होत्या. एवढ्यात भागाबाई आल्या, एक हात कमरेवर. मागे पिशवी धरून सोनाली. तारामावशींची नजर वळली. सासूवरून सरकली आणि सोनालीवर जाऊन थांबली. तिथेच रेंगाळली.

भागाबाईंनी ते बघितलं. पुढे झाल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, "चिंच हाय काय रे?"

त्याने बरणी पुढे केली. भागाबाईंनी एक बुटुक उचललं, सगळ्यांच्या देखत तोंडात टाकलं, डोळे मिटून सावकाश चोखलं. तारामावशींची नजर सोनालीवरून सुटून तिकडे वळली.

"ही नको," त्या म्हणाल्या. "ह्याच्यापेक्षा आंबट दे!"