पाण्यावरचं पांढरं कडं

अनसिंगच्या सादिकला माणसांचा कंटाळा आहे, असं कोणी म्हटलं की त्याला राग यायचा. पण होतं ते खरंच. पोटासाठी तो लग्नांचे फोटो काढायचा आणि 'मामा, जरा सरका, काकू, इकडे पाहा' करता करता पार विटून जायचा. मग फुरसत मिळाली की सकाळी टेकडीवर जायचा. तलाव, पळसाची झाडं, हरभऱ्याची रानं टिपायचा आणि फोनवर साऱ्या जगाला दाखवायचा. त्यात माणूस मात्र नको. चुकून आलाच, तर पुसून टाकायचा.

"तुमच्या फोटोत माणूस आला तं तलाव बाटते का?" त्याची बायको शाहजादी चिडवायची.

"तुले काय समजते त्यातलं?" असं म्हणून तो गप्प बसवायचा. संध्याकाळपर्यंत 'काय शांतता आहे!' अशा दोनशे प्रतिक्रिया आल्या, की फोन तिच्या नाकापुढे नाचवायचा. असा हा माणूस.

कामात मात्र गडी पक्का. मोठा फोटो आधी फोनच्या मापाचा लहान करायचा आणि मगच त्याला धार द्यायची, म्हणजे कडा ठसठशीत करायच्या, हलक्या हातानं, हा त्याचा नियम. मोठ्या फोटोलाच दाबून धार दिली, तर प्रत्येक काळ्या वस्तूभोवती खडूनं ओढल्यागत पांढरं कडं उमटतं आणि मग ते जात नाही. नवशिक्यांना तो हे बजावून सांगायचा. आणि त्या रविवारी स्वतःच चुकला.

झालं काय, की नऊ वाजता शिरपूरला हळद होती. पहाटे टेकडीवर कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवून त्यानं तलावाचे तीन फोटो घेतले, दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं. कॅमेरा तसूभर हलवला नाही. घाईघाईत घरी आला, मोठ्या फोटोंनाच धार देऊन मोकळा झाला. मग पाहतो, तर तिन्हींत एक काळा ठिपका. कॅमेऱ्यातली धूळ असणार, म्हणत त्यानं तिन्ही ठिकाणी पुसला, फोटो लहान केले, लावले आणि पळाला. हळदीसाठी जागा हवी म्हणून कार्डही साफ केलं. मूळ फोटो गेले ते गेलेच.

मंगळवारी दुपारी दुकानात जमनाबाई आली. तलावापलीकडच्या तांड्यावरची. डोळे सुजलेले, ओठ सुकलेले. तिचा नवरा हेमसिंग रविवारी पहाटे भांडून निघाला होता, 'मी चाललो पोहरादेवीले' म्हणून. तेव्हापासून पत्ता नाही. दीर हरिसिंग दोन दिवस पोहरादेवीत शोधत होता.

"सादिकभाऊ, रविवारच्या सकाळचा तलाव तुमी फोनवर टाकला म्हनते. तो तलावाच्याच वाटेनं गेला असंन. कोन्या गाडीवर बसला, कोनाच्या संग होता, काही दिसते का पाहा ना."

"माया फोटोत मानसं नसतात, बाई," सादिक म्हणाला. पण तिच्याकडे पाहून त्यालाच लाज वाटली. त्यानं पहिला फोटो उघडला आणि मोठा करत गेला.

तलावाच्या पाळीवर, बांधावर, एक पांढरं कडं होतं. बारीक, पण स्वच्छ. डोकं, खांदे, दोन पाय. माणसाच्या आकाराची रेघ, आणि आत कोणीच नाही. आतून मागचं पाणी दिसत होतं.

सादिकनं ठिपका पुसला होता, पण धारेनं उमटलेलं कडं तसंच राहिलं होतं. त्यानं दुसरा फोटो उघडला. तिथं पाळ रिकामी होती. कडं आता पाण्यात होतं, नुसतं कमरेपासून वर.

कॅमेऱ्यातली धूळ असती, तर तिन्ही फोटोंत एकाच जागी असती. कॅमेरा हललाच नव्हता. अरे देवा, हा ठिपका चालत होता!

तिसरा फोटो उघडायचा धीर त्याला होईना. उघडला. काठापासून दूर, शांत पाण्यावर एक लहानसं गोल कडं होतं. बस, तेवढंच. त्यानंतर सादिक तिकाटणं गुंडाळून शीळ घालत टेकडी उतरला होता, हेही त्याला आठवलं.

जमनाबाई टेबलापलीकडे होती, तिला पडदा दिसत नव्हता. 'काही नाही दिसत, बाई' एवढं म्हटलं असतं, तर कोणाला कळणार होतं? फोटो काढून टाकायला एक क्षण पुरे होता. त्याचं बोट तिथवर गेलंसुद्धा.

मग त्यानं पडदा तिच्याकडे वळवला.

ती पडद्यावर वाकली. "आमच्या मोटारीचा पाइप हाय तेथं," ती अगदी हळू म्हणाली. "शेवाळ अडकते त्यात. जाता जाता काढाले उतरला असंन. रागात असला तरी काम नाही सोडत तो." मग तिनं विचारलं, "तुमी पाहिलं होतं त्याले?"

"पाहिलं होतं," सादिक म्हणाला. "मानूस हाय हे नाही समजलं. मीच पुसलं, बाई. तीन येळा."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती उठली आणि हरिसिंगला फोन लावत बाहेर गेली. संध्याकाळच्या आत तांड्यावरच्या पोरांनी हेमसिंगला काढलं. पाइपाजवळच, शेवाळात पाय अडकलेला, बरोबर जिथं ते गोल कडं होतं तिथं.

सादिकनं फोटो जगापुढून काढले. पण काढण्याआधी खालच्या प्रतिक्रिया त्याच्या नजरेला पडल्याच. तिसऱ्या फोटोला सगळ्यात जास्त होत्या. 'किती निवांत!' कोणीतरी लिहिलं होतं.

तेरावं झाल्यावर जमनाबाई पुन्हा आली. घरात हेमसिंगचा धड एक फोटो नव्हता.

"तुमाले पुसता येते, तं त्या कड्यात भरता नाही येत का त्याले?"

"नाही येत, बाई," सादिक म्हणाला. "तो तुकडा आता कोठीच नाही."

ती खुर्चीच्या कडेला टेकली, पदर सावरला.

"मंग त्या तीन फोटोंतला पहिला काढून द्या. फरेमीत घालून भितीले लावतो. त्यात तो अजून कोरडा हाय."