मामाजींची जीप आणि खलातला बत्ता

सरळ चालणारी वस्तू सुखाने सरळ चालू द्यायची नाही, असा पण करूनच आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, जन्माला आले असावेत. नवीन घड्याळ घेतलं की आधी ते उघडणार. नवी छत्री आली की काड्या "कमजोर दिसून राहिल्या" म्हणून बदलणार. सडक अर्जुनीजवळच्या त्यांच्या गावी मी दिवाळीला चार दिवस राहिलो, की परतताना माझी सायकल नवेच आवाज काढायची. पण माणूस इतका लोभस, की रागवायला तोंड उघडावं तर हसूच बाहेर पडायचं!

महायुद्ध संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेली एक जीप त्यांनी आणली. धानाच्या बांध्यांचे धुरे, म्हणजे शेतांचे बांध, ओलांडताना तिचं पोट घासतं, म्हणून चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानींत जादा पाटे घालून त्यांनी ती वीतभर उंच केली. "आता हत्तीवानी चालते पाहा, जवाईबापू!" चालायची खरी, पण तो हत्ती दारू प्यालेला! खड्डा आला की स्टेअरिंग आपोआप वळायचं आणि जरा वेग घेतला की चाकं अशी थरथरायची की बसणाऱ्याचे दात वाजायचे. मामाजींनी दोष रस्त्याला दिला, टायरांना दिला, एकदा तर माझ्या वजनालाही दिला. आपणच ती उंच केली, हे एक सोडून.

अशात सासूबाईंचा मोतीबिंदू पिकला. दोन वर्षं बिचाऱ्या चाचपडतच वावरत होत्या. गोंदियाच्या डॉक्टरांनी एका डोळ्याचं ऑपरेशन केलं आणि बजावलं, दहा दिवसांनी घरी न्या, पण वाटेत डोक्याला हिसका बसला तर डोळा गेलाच समजा. त्याच संध्याकाळी मामाजी जीप घेऊन गोंदियाशेजारी कुडव्याला माझ्या अंगणात हजर झाले. इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "गाडी सुधारली पायजे जी. चूक माझीच हाये."

दुसऱ्या दिवशी मला स्टेअरिंगवर बसवून ते खाली शिरले. मी चाक डावीउजवीकडे हलवायचं, आणि त्यांनी वैद्याने नाडी पाहावी तसा एकेका सांध्यावर पंजा ठेवून, डोळे मिटून पडायचं. दुपारपर्यंत दोन रोग सापडले. गाडी उंच झाली, पण स्टेअरिंगच्या पेटीतून चाकांकडे जाणारा रॉड तिरपा लोंबत राहिला होता. कमान दबली की तो चाक ओढायचा. शिवाय मधल्या सांध्यातलं बुश, म्हणजे खिळीभोवतीची धातूची नळी, झिजून त्याचा खुळखुळा झाला होता.

रॉड ज्या लोखंडी हाताला टांगलेला होता, तसाच पण जास्त लांब हात लोहाराकडून घडवून घेतला, तेव्हा रॉड आडवा झाला. बुश मात्र अख्ख्या गोंदियात मिळेना. मामाजी एका दिवसात गावी जाऊन आले आणि राईस मिलच्या लेथवर पितळी बुश कातून घेतलं. पितळ कुठलं, विचारलं तर म्हणाले, "घरचंच हाये."

मग परीक्षा. गळ्यापर्यंत भरलेला लोटा मांडीवर घेऊन मी बसायचं, ते चालवणार. तीन दिवस माझं धोतर भिजलं, तीन दिवस ते पुन्हा गाडीखाली गेले. चौथ्या दिवशी त्यांनी धोतर चाचपून पाहिलं, कोरडं होतं!

दहाव्या दिवशी दवाखान्यातून निघालो तेव्हा सासूबाईंचं डोकं माझ्या बायकोच्या मांडीवर होतं. अर्धी वाट सरल्यावर त्यांनी पट्टीआडून विचारलं, "गाडी अजून चालू नाही केली काय जी?" मामाजींनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि झाडाला टेकून ढसाढसा रडले. माझ्याही जिवात जीव आला.

पुढे पट्टी सुटली, जाड चष्मा चढला. सासूबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. "तुमचे केस कवा पांढरे झाले जी? मले कोनी सांगतलं काऊन नाही?" मग त्या उठून, भिंतीला हात न लावता, स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "अवो, खलातला पितळी बत्ता कोठं गेला?" मामाजी तोवर अंगणाबाहेर पसार!

आज मामाजी नाहीत. जीप विकली त्या दिवशी मी ते बुश काढून आणलं. सासूबाईंनी नवा बत्ता घेऊ दिला नाही. वेलची वाटीच्या बुडाने ठेचतात. बुश रिकाम्या खलात असतं. त्याने काही ठेचता येत नाही, तरी त्या ते रोज पुसून ठेवतात.